डोक्यात फोड, खपल्या, जखमा : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात कोंड्यावर लिहिलं होतं, त्यानंतर बरीच पत्रं आली आणि त्यातली कितीतरी कोंड्याबद्दल नव्हतीच, डोक्यात झालेल्या फोडांबद्दल, न भरणाऱ्या जखमांबद्दल होती. म्हणून यावेळी सगळी उत्तरं त्यावरच. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक गोष्ट सारखी आहे, डॉक्टरला दाखवायच्या आधीच डोक्याला तेल, हळद, लिंबू आणि मेडिकलमधून आणलेली ट्यूब असं सगळं लावून झालेलं असतं, आणि मग मुळात ती जखम दिसत कशी होती हे कुणालाच सांगता येत नाही. तर आधी काही लावू नका. केस बाजूला करून भरपूर उजेडात बघा, घरातल्या कुणाकडून तरी मोबाइलवर फोटो काढून घ्या, म्हणजे तारीखही राहते. जखम डोक्यात नेमकी कुठे आहे, एकाच बाजूला आहे का, किती दिवसांची आहे, तिथले केस तुटलेत का, एवढं कळलं तरी आम्हाला निम्मा अंदाज येतो.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी डोक्यात रुपयाएवढा चट्टा पडला, तिथले केस तुटले. सगळे म्हणाले चाई आहे म्हणून लसूण चोळली. मग मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, आठ दिवस बरं वाटलं, नंतर तिथेच मोठं गळू झालं, पू येतो, मानेला गाठी आल्यात. दोन वेळा अँटिबायोटिक घेऊन झालं. आता सासरे म्हणतात चीर देऊन पू काढून टाका. काढू का? (एक आई, बार्शी तालुका)

उत्तर : ताई, चीर देऊ नका. आधी हे सांगते, बाकीचं नंतर.

तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला हे साधं गळू वाटत नाही, डोक्यातला नायटा वाटतो, म्हणजे बुरशीचं इन्फेक्शन, त्याचाच सुजलेला प्रकार, त्याला केरिऑन म्हणतात. दिसतो हुबेहूब गळवासारखा, हात लावला तर ओल्या स्पंजासारखा मऊ लागतो, बारीक बारीक भोकांतून पू झिरपतो आणि तिथला केस नुसता चिमटीत धरला तरी न दुखता हातात येतो. पण आत एका जागी साठलेला पू नसतोच, शरीर बुरशीशी भांडतंय त्याची ती सूज असते. चिरलं तर पू फारसा निघत नाही, जखम आणि कायमचा व्रण मात्र मुलाच्या डोक्यावर राहतो. साधी अँटिबायोटिक बुरशीवर काम करत नाहीत म्हणून दोन कोर्स होऊनही फरक पडला नाही, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

आणि चाई म्हणाल तर चाईत टक्कल गुळगुळीत असतं, सहसा खपली नाही, पू तर नाहीच. लहान मुलाच्या डोक्यात केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसतायत, वर कोंड्यासारखी खपली आहे, खाज आहे, तर आधी नायटाच धरून चालायचं. हा आजार मुख्यतः मुलांचा, वयात आल्यावर डोक्याच्या त्वचेतलं तेल बदलतं आणि त्या तेलात ही बुरशी सहजासहजी तग धरत नाही, म्हणून मोठ्या माणसांत तो कमी दिसतो.

आता त्या ट्यूबबद्दल. आठ दिवस बरं वाटलं आणि मग भडकलं हे वाचूनच मला शंका आली. घरी असेल तर ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही लिहिलंय का बघा, ही सगळी स्टिरॉइड आहेत. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, घरच्यांना वाटतं बरं होतंय, आणि खाली बुरशी निवांत पसरत असते. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरीही काउंटरवर मागितली की मिळतात हे आपण सगळे बघतो. औषध वाईट नाही, सोरायसिसच्या पेशंटला हेच क्लोबेटासोल आम्ही स्वतः लिहून देतो. पण काय झालंय हे न बघता पोराच्या डोक्यावर ते चोळणं मला अजिबात पटत नाही आणि याबद्दल मी प्रत्येक अंकात लिहायला तयार आहे.

त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलात की ते दोन-चार तुटके केस आणि खपली काचेच्या पट्टीवर घेऊन, त्यावर पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील, बुरशी असेल तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे दिसते. उपचार पोटातूनच घ्यावा लागतो, कारण मलम केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही. ग्रिसिओफुलविन किंवा टर्बिनाफीन देतात, डोस मुलाच्या वजनावर ठरतो, ग्रिसिओफुलविन असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे चालतं आणि ते दुधाबरोबर किंवा तूप घातलेल्या जेवणानंतर दिलं तर अंगी जास्त लागतं. सूज फार असेल तर डॉक्टर थोडे दिवस पोटातून स्टिरॉइडही जोडतात, तो त्यांचा निर्णय. सोबत केटोकोनॅझोलचा शाम्पू देतात, त्याने मुलगा बरा होत नाही पण डोक्यावरची बुरशी कमी होऊन भावंडांना लागायची शक्यता घटते. कंगवा, टोपी, टॉवेल वेगळा ठेवा, घरातल्या बाकी मुलांची डोकी तपासा, आणि गोठ्यात वासरू किंवा घरात मांजराचं पिल्लू असेल आणि त्याच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिथूनही हे येतं. औषध सुरू झाल्यावर शाळेत पाठवायला हरकत नाही. वेळेत उपचार झाले तर केस बहुतेक परत येतात, पण आता अजून उशीर नको.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, आश्रमशाळेत राहते. सुट्टीत घरी आली तर मानेच्या वर, केसांच्या खाली पिवळ्या खपल्या आणि पाणी येणाऱ्या जखमा, कानामागे हरभऱ्याएवढ्या गाठी. गाठी टीबीच्या तर नसतील ना, झोप उडालीय. (वडील, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : दादा, आधी घाबरणं थांबवा आणि बारीक दातांची फणी घ्या. शाळकरी मुलीच्या मानेवर आणि कानामागेच जखमा असतील तर उवा नाहीत हे सिद्ध होईपर्यंत त्या उवांच्याच समजायच्या. उवा त्या भागात जास्त राहतात, मुलगी झोपेतसुद्धा खाजवते, नखांनी कातडी निघते, त्यात जंतू शिरतात आणि मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात. डोक्यातल्या जखमेचं पाणी ज्या गाठींकडे जातं त्या कानामागे आणि मानेलाच असतात, त्या फुगणारच. जखमा भरल्या की काही आठवड्यांत त्या उतरतात. महिना-दीड महिन्यानंतरही गाठ वाढतच असेल, एकमेकींना चिकटलेली लागत असेल, सोबत संध्याकाळचा ताप किंवा वजन कमी होणं असेल तर मग टीबीची तपासणी नक्की करा.

लिखा केसाला चिकटून बसतात, कोंडा फुंकर मारली की उडतो, लीख नखाने ओढावी लागते. पर्मेथ्रिन एक टक्का लोशन मिळतं, धुतलेल्या ओलसर केसांना लावून दहा मिनिटांनी धुवायचं, आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा लावायचं, हे दुसरं लावणं बहुतेक घरांत राहून जातं. पहिल्या वेळी मोठ्या उवा मरतात पण लिखा साधारण आठवड्याभरात फुटतात आणि पुन्हा सुरू. मात्र तुमच्या मुलीच्या डोक्यात आत्ता उघड्या जखमा आहेत, म्हणून आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, जंतूंसाठी अँटिबायोटिक लागेल, लोशन कधी लावायचं तेही तिथे विचारा. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा, शाळेतही कळवा, नाहीतर ती परत गेली की पंधरा दिवसांत जैसे थे.

दोन गोष्टी हात जोडून सांगते. रॉकेल लावू नका, चुलीजवळ बसलेल्या मुलींची डोकी पेटलेली आहेत. आणि सीताफळाच्या बियांची पूड, आपल्याकडे ती पिढ्यान्पिढ्या वापरतात, उवा मरतातही, पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जबर इजा होते, डोळा लाल होतो, दिसेनासं होतं, नेत्रतज्ज्ञांकडे असे पेशंट येत असतात. जखमा असलेल्या डोक्याला तर ती नकोच.

प्रश्न : मी ५२ वर्षांची. गेली दहा-बारा वर्षं एकाच कंपनीचा हेअर कलर लावते, कधी काही झालं नाही. यावेळी लावल्यावर दुसऱ्या दिवशी रात्री डोकं खाजायला लागलं, तिसऱ्या दिवशी कपाळ आणि पापण्या सुजल्या, डोक्यातून चिकट पाणी येतंय. माल खराब निघाला का? (डोंबिवली)

उत्तर : माल ठीक असेल, तुमच्या शरीराने आता त्याला ओळख दिलीय. काळ्या-गडद रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची अ‍ॅलर्जी पहिल्या वापरात क्वचित येते, वर्षानुवर्षं वापरल्यावर एक दिवस येते आणि मग आयुष्यभर राहते. लावल्यानंतर एक ते तीन दिवसांनी सुरुवात होणं, कपाळाची कड, कान, मान आणि पापण्या सुजणं हे अगदी तिचंच चित्र आहे.

सौम्य शाम्पूने आणि भरपूर पाण्याने डोकं धुऊन टाका आणि आजच डॉक्टरकडे जा, पाणी येण्याइतकं झालंय तर काही दिवस गोळ्या लागतील. जीभ सुजली, श्वास लागला तर थेट हॉस्पिटल गाठा. पुढे ब्रँड बदलून चालणार नाही हे नीट लक्षात घ्या, दुसऱ्या कंपनीच्या डब्यातही बहुतेक तेच असतं. "अमोनिया नाही" लिहिलंय म्हणजे पीपीडी नाही असं होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "हर्बल" लिहिलेल्या पाकिटांतही ते सापडतं, आणि जी मेंदी तासाभरात काळा रंग देते तिच्यात तर हमखास शंका घ्या, मेंदीच्या पानाचा स्वतःचा रंग केशरी-तांबडाच असतो. बरं झाल्यावर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या, म्हणजे काय वापरता येईल ते कळेल.

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे, डायबिटीस आहे. चार दिवसांपासून डोक्याची उजवी बाजू जळजळतेय, कंगवासुद्धा लागू देत नाहीत. काल तिथे आणि उजव्या कपाळावर पाण्याच्या फोडांचे झुबके आले. गावात सगळे म्हणतात नागीण आहे, गेरू लावून मंत्र टाकणाऱ्याकडे नेतोय, डॉक्टरची औषधं घेतली तर आत दबते म्हणतात. काय करू? (मुलगी, सांगली जिल्हा)

उत्तर : हे पत्र मेलने आलं त्याच दिवशी ताईंना उत्तर पाठवलं, इथे छापतेय कारण हाच प्रश्न उद्या दुसऱ्या घरात येणार आहे आणि तेव्हा मासिकाची वाट बघायला वेळ नसतो.

गावातले बरोबर बोलतात, ही नागीणच आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर तोच विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली की त्या एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून आधी नुसती आग, मग फोड, आणि तेही एकाच बाजूला. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो असं म्हणतात, त्या भीतीने म्हातारी माणसं रात्रभर जागी राहतात. पण प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या आपापल्या अर्ध्याच बाजूला जातो, त्यामुळे ती सहसा मधली रेघ ओलांडतच नाही. बाबांना हे शांतपणे समजावून सांगा, त्यांना औषधाइतकाच या बोलण्याचा आधार होईल.

मंत्राने समाधान वाटत असेल तर माझं भांडण नाही, पण गेरू त्या फुटलेल्या फोडांवर नको, वरून माती जाते, पिकतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दिवस जातात. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधं फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. तुमच्याकडे काल फोड आलेत, म्हणजे अजून वेळ आहे. ७२ तास उलटले तरी, नवे फोड येत असतील किंवा डोळ्याजवळ असेल तर द्यायचीच असतात, म्हणून आता काय उपयोग असं म्हणून कुणी घरी बसू नका. किडनी कशी आहे ते बघून डोस ठरतो, डायबिटीस आहे तर हे डॉक्टरांना सांगाच. औषधाने नागीण आत दबत नाही, विषाणूची वाढ थांबते.

डोकं आणि कपाळावरच्या नागिणीत माझा जीव डोळ्यासाठी तुटतो. तोच मज्जातंतू डोळ्यालाही जातो. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड दिसला, डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. खरं तर कपाळावर आहे म्हटल्यावर तसंही एकदा डोळा दाखवून घ्या.

फोडांच्या पाण्यातून, ज्यांना कधी कांजिण्या आल्या नाहीत त्यांना कांजिण्या होऊ शकतात, म्हणून खपल्या धरेपर्यंत घरातली गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांना लांब ठेवा. फोड वाळल्यावरही आग राहिली तर सहन करत बसू नका, तिच्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात. आणि नागिणीची लस आता आपल्याकडेही मिळते, २०२३ पासून, पन्नाशीनंतर घ्यायची, दोन डोस. महाग आहे, पण डायबिटीसवाल्यांनी आपल्या डॉक्टरांशी तिच्याबद्दल जरूर बोलावं.

प्रश्न : मी डिलिव्हरीचं काम करतो, दिवसभर हेल्मेट. डोक्यात सारखे बारीक फोड येतात आणि मानेवर कडक गुठळ्या झाल्यात, सलूनमध्ये झिरो मारला की वाढतात. (पिंपरी, वय २७)

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोक्यातले फोड म्हणजे केसाच्या मुळाची सूज, घाम, घर्षण आणि वर तेल किंवा जेल. दुखतात, टोकाला पिवळा पू असतो तर बहुतेक जंतू, आणि एकसारखे बारीक, खूप खाजणारे असतील तर त्यात बुरशीचाही प्रकार असतो, तो अँटिबायोटिकने उलट वाढू शकतो, म्हणून मनाने गोळ्या घेऊ नका. हेल्मेट मात्र सोडायचं नाही. आत सुती टोपी घाला, रोज धुवा, अस्तर निघत असेल तर काढून धुऊन उन्हात वाळवा, तेल लावायचंच असेल तर सुट्टीच्या आदल्या रात्री लावून सकाळी धुऊन टाका. मोठे, ठणकणारे केसतूड वारंवार येत असतील तर शुगर तपासा, २७ वय आहे म्हणून टाळू नका.

मानेवरच्या गुठळ्या जास्त महत्त्वाच्या. अगदी बारीक कापलेले केस कातडीत उलटे शिरतात, सूज येते, आणि तिथे कडक व्रणाच्या गाठी होतात, एकदा वाढल्या की जात नाहीत. मानेवर झिरो आणि वस्तरा आजपासून बंद, कारागिराला स्पष्ट सांगा, टाइट कॉलर टाळा, आणि गाठी लहान आहेत तोवर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आत्ता मलम किंवा गाठीत इंजेक्शन देऊन आटोक्यात येतं. फोडू तर बिलकुल नका.

प्रश्न : तोंडात चार महिने फोड येतात, बी-कॉम्प्लेक्स खाऊन कंटाळले. आता डोक्यातही ओल्या खपल्या. काही संबंध असेल का? (वय ४१, लातूर)

उत्तर : असू शकतो, आणि म्हणूनच हे पत्र मी बाजूला ठेवलं नाही. पेम्फिगस नावाचा एक आजार आहे, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीची वीण उसवते. बऱ्याचदा तो तोंडात सुरू होतो, काही महिने उष्णता म्हणून सोडून दिला जातो, मग डोक्यात न भरणाऱ्या ओल्या जखमा येतात. दुसरंही काही असू शकतं, पण तोंड आणि डोकं दोन्हीकडे आहे हे डॉक्टरांना एकाच वेळी दाखवा, दाताच्या डॉक्टरांना तोंड आणि दुसऱ्यांना डोकं असं नको. बायॉप्सी करतात, म्हणजे कातडीचे छोटे तुकडे काढून तपासतात, त्यातलाच एक तुकडा खास तपासणीला पाठवतात. उपचार लांब चालतात पण आता चांगले आहेत. एकदा स्टिरॉइड सुरू झालं की बरं वाटलं म्हणून आपणहून बंद करायचं नाही.

प्रश्न : वडिलांना टक्कल आहे, वय ६६, शेतात बोडकेच असतात. टकलावर पाच महिन्यांपासून एक खपली आहे, पडते, थोडं रक्त येतं, परत धरते. दुखत नाही म्हणून ते येतच नाहीत. डॉक्टर म्हणाले तुकडा काढून तपासू, तर भाऊ म्हणतो हत्यार लागलं की पसरतं. (अकोले, जि. अहिल्यानगर)

उत्तर : दुखत नाही हेच मला खटकतंय. डोक्यावरची कुठलीही जखम महिन्याभरात भरली नाही, किंवा भरून परत परत फुटते, तर तिचा तुकडा तपासलाच पाहिजे, त्यातून टक्कल आणि वर्षानुवर्षांचं ऊन असेल तर जास्तच. आपल्या वर्णाच्या लोकांत त्वचेचा कॅन्सर कमी होतो, होत नाही असं नाही, आणि जुन्या भाजल्याच्या व्रणावर अशी जखम झाली असेल तर शंका आणखी वाढते. हत्यार लागलं की पसरतं हे खरं नाही. असं वाटण्याचं कारण, लोक तुकडा काढायला इतक्या उशिरा येतात की तोवर आजार आधीच पुढे गेलेला असतो आणि दोष बायॉप्सीवर येतो.

करतात काय ते वडिलांना सांगा, म्हणजे भीती जाईल. जागा बधिर करायची सुई, तेवढीच टोचते. मग तीन-चार मिलिमीटरचा, तुरीच्या डाळीपेक्षाही लहान तुकडा काढतात, एखादा टाका घालतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, आपणहून बंद करू नका. रिपोर्ट साधारण आठवड्यात येतो. साधा निघाला तर सुटलात, आणि त्वचेचा कॅन्सर निघालाच तरी या आकारात तो बहुतेक वेळा कापून पूर्ण काढता येतो. तोवर शेतात जाताना टोपी किंवा पंचा डोक्याला, आणि ती खपली नखाने काढणं बंद.